दारावर १९६२ कोरलंय, पण आजी म्हणायची घर त्याच्याही आधीचं; आणि गावातली जुनी घरं रस्त्याकडे पाठ करून का?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठावर. गावातून जो मेन रस्ता जातो, म्हणजे स्टँडपासून मारुतीपर्यंत आणि तिथून पुढे नदीच्या उतारापर्यंत, त्याच्या रुंदीकरणाची मोजणी झालीये. दोन्ही बाजूंना भिंतींवर लाल रंगाच्या खुणा मारून गेलेत. कोणाचा ओटा जाणार, कोणाची पुढची खोली, शेजारच्या आबांचं तर अर्धं घरच जाणार. रस्ता नको असं गावात कोणीच म्हणत नाही, कापसाचा ट्रक आणि शाळेची गाडी समोरासमोर आली की अर्धा तास खोळंबा होतो हे मी पण बघतो. पण ही घरं पडायच्या आधी एकेका घराचा इतिहास लिहून ठेवावा असं फार मनात आहे. मी नोकरीला जळगावला, शनिवार-रविवार गावी असतो, तेवढ्यात जे होईल ते.

दोन गोष्टी कळत नाहीयेत.

एक म्हणजे, स्टँड ते मारुती सगळी घरं रस्त्याकडे तोंड करून आहेत, पुढे दुकानं, शटर वगैरे. पण मारुती ते नदी ह्या टप्प्यात जी जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं आहेत ती जवळपास सगळी रस्त्याकडे पाठ करून उभी आहेत. रस्त्याच्या बाजूला नुसती मातीची उंच भिंत, वर हातभर झरोका, बस. दारं सगळी आतल्या गल्लीत. काही घरांनी मागची भिंत फोडून नवीन दार काढलंय ते लगेच ओळखू येतं. असं का केलं असेल जुन्या लोकांनी?

दुसरं, आमच्या स्वतःच्या घराच्या चौकटीवर, गणपती कोरलाय त्याच्या खाली, १९६२ असं कोरलेलं आहे. वडील म्हणतात घर बासष्टला बांधलं. पण आजीचं लग्न पन्नासच्या आधीचं आणि ती शेवटपर्यंत म्हणायची, "मी उनू तवय बी घर असंच व्हतं." आता आजी नाही, आणि तेव्हा मी नीट विचारलं नाही ह्याची आज फार हळहळ वाटते. कोणाला काही अंदाज?

चुन्याची घाणी

भाऊ, आमची तीन पिढ्या गवंडीकामाची, पारोळ्याकडची. तुमची आजी बरोबर आहे असं मला वाटतं आणि सांगतो का ते.

जुन्या चौकटीवरचा आकडा इसवी सनाचाच असेल असं धरूच नका. आपल्याकडे तीन आकडे चालायचे. शके असेल तर ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन येतं. संवत असेल तर ५६ किंवा ५७ वजा करा. तुमचा १९६२ शके असूच शकत नाही कारण ते २०४० होतंय. राहिले दोन, इसवी नाहीतर संवत. खानदेशात गुजराथकडून आलेली व्यापारी घराणी भरपूर, मारवाडीही भरपूर, त्यांचे चोपडे संवताने चालायचे. म्हणून तर १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाला म्हातारी माणसं छप्पन्याचा दुष्काळ म्हणायची, तो संवत १९५६. तसं बघितलं तर तुमचं १९६२ म्हणजे १९०५-०६ साल पडतं, दिवाळी ते दिवाळी. आकड्याच्या आधी ऑइलपेंटचा थर असेल तर हळूच खरवडून बघा, बऱ्याचदा 'सं' किंवा 'सवंत' असं लिहिलेलं पेंटाखाली बुजलेलं असतं. ब्लेडने नका करू, लाकडाला ओरखडे जातील, गरम पाण्याचं फडकं आणि धीर.

आता घर स्वतः काय सांगतं ते बघा. चौकट आणि तुळया सागाच्या आहेत का, आणि तुळईवर तासणीचे मार दिसतात का करवतीची सरळ रेघ? हाताने तासलेली असेल तर जुनी. भिंतीचा दोन हात उंचीपर्यंत दगड आणि वर कच्ची वीट आहे का? जोडायला चुना वापरलाय का माती? घाणीत दळलेला चुना असेल तर तो नखाने निघत नाही, माती भुगा होते. बासष्टचं घर असतं तर कुठेतरी सिमेंट सापडलं असतं, थोडं का होईना, निदान न्हाणीत तरी. अर्थात सिमेंट त्या काळी परमिटवर मिळायचं, गावात साध्या माणसाला पोतं मिळवायला तालुक्याला खेपा घालाव्या लागायच्या, म्हणून सिमेंट नाही एवढ्यावरून घर जुनं असंही म्हणू नका, चार गोष्टी जुळवून मग ठरवा.

धाब्याचं सांगायचं तर, तुळयांवर सर, सरांवर काड्या, त्यावर निंबाचा पाला, निंब का तर वाळवी लागत नाही, आणि मग वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही पांढरी माती शेतातली नसते, गावाच्या जुन्या गढीची, जुन्या वस्तीच्या ढिगाऱ्याची असते, ती पाणी धरत नाही. म्हणजे तुमच्या आजीच्या डोक्यावर जे छप्पर होतं ते त्याच्याही आधीच्या कोणाच्या तरी पडलेल्या घरांची माती होती. दर वर्षी मृगाच्या आधी नवा थर टाकायचे. पडतील तेव्हा धाब्याचा कट बघायला मिळाला तर फोटो काढा, थर मोजता येतात.

तलाठी काका

मी चोपडा आणि अमळनेर तालुक्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. कागदाचं मी सांगतो.

पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे घराचा सातबारा शोधायला जातात. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. सातबारा शेतजमिनीचा. आपल्याकडे काळी आणि पांढरी, काळी म्हणजे पिकाची आणि पांढरी म्हणजे वस्तीची, पांढरीवर सारा नव्हता म्हणून तिचा तसा कागदही नव्हता. घराचा कागद ग्रामपंचायतीत, नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी. त्याची जुनी रजिस्टरं जेवढी मागे मिळतील तेवढी बघा. त्यात घर मातीचं, विटांचं, पत्र्याचं असं लिहिलेलं असतं, म्हणजे कोणत्या साली कोणाचं धाबं जाऊन पत्रा आला ते कळतं. आत्ता ड्रोनने गावठाण मोजून जी मालमत्ता पत्रकं देताहेत, २०२० ला सुरू झालेली स्वामित्व योजना, त्यात आजचा धारक कळेल, जुना इतिहास नाही.

दुसरं, तालुक्याच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक असतं, गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. त्यात मरणाचं कारण लिहिलेलं असतं. १९१८ च्या तापाच्या साथीचं वर्ष काढून बघा. मी एका गावचं बघितलं होतं, पानंच्या पानं भरलेली, एकेका दिवशी सात-आठ नावं, एकाच आडनावाची. त्या गावात तीन पडकी जोती होती आणि लोक म्हणायचे तिथे भुताटकी आहे. भुताटकी कसली, त्या घरांत दिवा लावायला माणूस उरलं नाही.

तिसरं, तुमच्या रस्त्याचं. स्टँड ते मारुती हा भाग गावठाणाच्या हद्दीत आहे का गट नंबरात, ते गावनकाशावर बघा. मला वाटतं गट नंबरात असेल, म्हणजे पूर्वीचं शेत, मग बिनशेती होऊन घरं झाली. आणि मारुती बहुतेक गावांत वेशीवर असतो. तुमचा मारुती आज गावाच्या मधोमध असेल तर समजा की गाव एकेकाळी तिथे संपत होतं.

पाठ रस्त्याकडे असायचं कारण म्हणाल तर भीती. १८०२ ला होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी. १८१८ ला इंग्रजांचा अंमल आला तेव्हा गावंच्या गावं ओस पडलेली होती. असल्या काळात बाहेरच्या अंगाला दार कोण ठेवील. घरांच्या पाठीच कोट झाल्या.

चुन्याची घाणी

काका, मान ठेवून सांगतो, भीतीचं कारण मला पुरतं पटत नाही. भाऊंचं घर १९०५ चं निघालं तर तोवर पेंढारी जाऊन ऐंशीच्या वर वर्षं झाली होती. त्या घरानेही पाठच केलीये ना रस्त्याकडे? मला वाटतं घर बांधलं तेव्हा तिथे रस्ताच नव्हता. मागे परसाकडची जागा, उकिरडा, गुरांची पाणंद असं काहीतरी असणार. गावाचा खरा रस्ता ती आतली गल्ली. नवा रस्ता नंतर कधीतरी घरांच्या पाठीमागून गेला आणि आपण आता उलटं समजतोय. घरं कुठे फिरली, रस्ता फिरला.

भाऊ, एक करा, पोळ्याला बैल कुठून नेतात ते विचारा. बैलांची वाट सहजासहजी बदलत नाही.

तलाठी काका

हे मान्य. कोटाचं मी म्हणतो ते आणखी जुन्या घरांना लागू असेल, पण १९०५ च्या घराला ते कारण पुरत नाही. आणि तुमच्या म्हणण्याला एक जोड देतो. ताप्ती व्हॅलीची लाइन, सुरतेहून अमळनेर-जळगावकडे येणारी, १९०० च्या आसपास सुरू झाली. त्यानंतर कापसाच्या गाड्या स्टेशनाकडे आणि सरकी काढायच्या जिनांकडे जायला लागल्या. भरलेली कापसाची गाडी गावातल्या बोळातून वळत नाही, ती बाहेरूनच जाणार. तीच गाडवाट पुढे रस्ता झाली असणार. पक्का कधी झाला तर माझ्या माहितीतले असे बरेच रस्ते ७२ च्या दुष्काळातले, बायामाणसं रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायची, सुकडी मिळायची. एसटी १९४८ ला सुरू झाली तरी आडगावात गाडी यायला असा रस्ता व्हावा लागला. गाडी आली तिथे स्टँड, स्टँडजवळ चहाचं दुकान, आणि मग तोंडं रस्त्याकडे.

आखाजीचा झोका

मी दोंडाईचाकडची, सासर शिरपूर तालुक्यात. कागदाचं सगळं बरोबर आहे पण दादा, तुम्ही गावातल्या माणसांना विचारत बसाल आणि लेकी राहून जातील, म्हणून लिहितेय.

जी माणसं त्याच घरात राहिली त्यांना बदल आठवत नाही हो. भिंत कधी पडली, दार कधी काढलं, सगळं एकात एक मिसळून जातं. पण लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या डोक्यात घर तिच्या लग्नाच्या दिवशी होतं तसंच राहतं. आणि तिला तिच्या लग्नाचं साल पक्कं माहीत असतं, निदान थोरलं पोर केव्हाचं ते तरी. माझ्या मोठ्या आत्याच्या मनातल्या घरात अजून मधघरात अंधार आहे आणि उतरंडीमागे धान्याची कोठी आहे, तिथे आता टीव्ही आहे, पण तिला विचारलं की ती आधी कोठीच सांगते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी येतात. तेव्हा धरा त्यांना. आणि "घराचा इतिहास सांगा" असं नका विचारू, त्या म्हणतील आम्हाला काय समजतं. झोका कुठे बांधायच्या ते विचारा. कोणत्या निंबाला, कोणत्या तुळईला, आणि तिथून काय दिसायचं. पाणी भरायला कोणत्या दाराने जायच्या. पांढरी माती कुठून आणायच्या पोतारायला. सासूने कोणती भिंत कधी सारवायला लावली नाही आणि का. मग बघा दोन तास हलणार नाहीत.

दुसरं कानबाईचं. कानबाई ही आमची खानदेशातली देवी, तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदकीतच खातात, बाहेर देत नाहीत. तर तुमच्या रस्त्यावर कोणाचे रोट कोणात आहेत ते लिहून काढा. ज्यांचे रोट एक ती घरं कधीतरी एकच घर होतं. वाटण्या झाल्या, मध्ये भिंत आली, एका भावाला ओसरी गेली आणि एकाला परसदार, आणि परसदारवाल्याने मागची भिंत फोडून रस्त्याकडे दार काढलं. तुमची जी फोडलेली दारं आहेत ना दादा, त्यातली निम्मी वाटणीची असतील. नमुना ८ मध्ये नुसतं घर नंबर पुढे अ आणि ब दिसेल, त्यामागे काय काय झालं ते रोटांवरून कळतं. कुठे रोट पण तुटलेले असतात, तिथे मात्र जपून विचारा.

पल्याडची वस्ती

धागा चांगला चाललाय म्हणून एक बोलतो, राग नसावा.

मेन रस्त्याच्या घरांचा इतिहास लिहायचा म्हटलं की ज्यांना रस्त्यावर घर बांधायची मुभाच नव्हती ते आपोआप बाहेर राहतात. माझे आजोबा गावचं वतन करायचे. सांगावा न्यायचा, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोहोचवायचं, मेलेलं ढोर ओढायचं. म्हणजे ह्या रस्त्यावर सगळ्यात जास्त चाललेला माणूस तो, आणि त्याचं घर रस्त्यापासून सगळ्यात लांब. तीच गोष्ट भिल्ल जागल्यांची, रात्रभर गाव राखायचं आणि झोपडी शिवारात. आमची घरं कुडाची, तुराट्या-पऱ्हाट्यांच्या भिंती, वरून शेणमाती, गवताचं छप्पर. त्याला चौकट नाही, चौकटीवर गणपती नाही, साल नाही. आग लागली की एका दुपारी पूर्ण वस्ती जायची आणि आठ दिवसांत परत उभी राहायची. चुन्याचा आणि सागाचा शोध घेतला तर आम्ही सापडणार नाही.

१९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली, पुढे घरकुलं आली, आणि आता आमच्या गावाला बायपास झालाय तो नेमका आमच्या वस्तीवरून. आता रस्त्याकडे तोंड आमचं आहे. वडिलांनी घरकुलाच्या ओल्या सिमेंटात खिळ्याने साल लिहून ठेवलं होतं, १९८८. आमच्या घराण्यात घरावर साल लिहिणारा पहिला माणूस तो. ते घर मी वाढवलं पण तो तुकडा तसाच ठेवलाय.

भाऊ, तुमच्या यादीत रस्त्यापासून लांबची घरं पण घ्या एवढंच म्हणणं. साल नसेल तर जुन्या मतदारयाद्या बघा, घर क्रमांकाने लावलेल्या असतात, १९५२ च्या निवडणुकीपासून पुढे जी हाताला लागेल ती. वस्तीची नावं एकत्र एका ठिकाणी सापडतात. आणि दारामागे हिवताप निर्मूलनवाल्यांनी फवारणीच्या तारखा लिहिलेल्या असायच्या, ते आमच्या पण दारात यायचे.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये आखाजी होऊन गेली, म्हणून उशिरा लिहितोय.

पेंट खरवडला. दोन रविवार गेले. आधी हिरवा, मग निळा, मग काव. आणि १९६२ च्या डाव्या अंगाला 'सं' निघाला, अनुस्वारासकट. वडील खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, माझी माय बरोबर सांगत होती.

मोठी आत्या आली होती. ताईंनी सांगितलं तसंच विचारलं, झोका कुठे बांधायचात. म्हणाली आतल्या गल्लीतल्या निंबाला, तिथे आता हातपंप आहे. मागच्या बाजूला, म्हणजे आजच्या रस्त्यावर, पोरींना जाऊ द्यायचे नाहीत. मी म्हटलं रस्त्यावर गाड्या असायच्या म्हणून का, तर म्हणाली, "तो रस्ता नही व्हता रे भाऊ, गाडवाट व्हती, पावसाळात गुडघाभर गारा." (गारा म्हणजे चिखल.) मग बोलता बोलता म्हणाली की आजी पुढच्या खोलीला पेढी म्हणायची. 'जा, पेढीमाईन सूप लई ये.' ते आम्ही पण लहानपणी ऐकलंय, आम्हाला वाटायचं खोलीचं नावच पेढी. म्हणजे घर कोणा सावकार-व्यापाऱ्याने बांधलेलं दिसतंय, संवत का आलं त्याचाही उलगडा होतो. आमच्याकडे कधी आणि कसं आलं ते खरेदीखत सापडलं तर कळेल, माळ्यावरची पत्र्याची पेटी अजून उघडायची आहे, किल्ली चुलत्यांकडे आहे आणि आमचे रोट एक असले तरी बोलणं जरा कमी आहे, तेव्हा आधी ते जुळवतो.

पोळ्याची वाट विचारली, आतल्या गल्लीतूनच जाते, मारुतीला वळसा घालून. आणि यात्रेत बारागाड्या, म्हणजे एकमेकींना बांधलेल्या बारा बैलगाड्या, ओढतात त्या स्टँड ते मारुती ह्याच पट्ट्यात, म्हणजे वेशीबाहेरचं मोकळं मैदान होतं ते. तलाठी काकांचं आणि घाणीवाल्या भाऊंचं दोघांचं जुळलं.

पल्याडच्या दादांचं वाचून मी यादी परत केली. नदीच्या उताराच्या पलीकडे भिल्लवस्ती आहे, तिथल्या म्हाताऱ्या बाबांकडे गेलो होतो. त्यांनी बसल्या बसल्या हाताने दाखवत गावातल्या प्रत्येक घराचं जुनं दार कुठे होतं ते सांगितलं, एक चुकलं नाही, कारण रात्री कोणतं दार उघडं राहिलंय ते बघायचं कामच होतं त्यांच्या बापाचं, आणि लहानपणी हे कंदील धरून बरोबर फिरायचे. बावीस दारं लिहून घेतली. त्यातली सहा दारं आज भिंतीत बुजलेली आहेत, मी जाऊन हात लावून बघितलं, चौकटी आत तशाच आहेत.

पुढच्या शनिवारी टेप आणि खडू घेऊन ती सहा आखणार आहे. मातीच्या भिंतीतली बुजवलेली चौकट न मोडता बाहेर काढायची असेल तर आधी वरचा भार कशावर घ्यायचा, घाणीवाले भाऊ, तेवढं सांगा.

चुन्याची घाणी

दोन्ही बाजूंनी बल्ल्या लावून आडवी फळी घट्ट ठोकायची, मग वरून सुरुवात, खालून कधीच नाही. पावसाच्या आत उरका, भिजलेली भिंत हातात येते. शनिवारी मी मोकळा आहे, पारोळ्याहून यायला तासभर लागतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.